गॅमा किरण दूरदर्शक, अवकाशस्थित

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर कृत्रिम उपग्रहावर बसवून खगोलीय गॅमा किरणांची दिशा, ऊर्जा व आगमनकाल यांची नोंद घेणारे उपकरण. नावात दूरदर्शक हा शब्द असला, तरी अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी वापरल्या जाणाऱ्या या उपकरणात भिंग नसते व आरसाही नसतो. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनाची ऊर्जा २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इ. व्हो.) असते, तर येथे विचारात घेतलेल्या गॅमा फोटॉनाची ऊर्जा काही कोटी इ. व्हो.पासून शेकडो अब्ज इ. व्हो.पर्यंत असते. असा फोटॉन आरशावरून परावर्तित न होता त्याच्या द्रव्यात घुसतो आणि तेथे नष्ट होऊन इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण करतो. त्यामुळे या दूरदर्शकाची रचना मूलकण भौतिकीच्या प्रयोगशाळेतील अभिज्ञातकासारखी असते आणि त्याचा एक प्रमुख उपयोगही मूलकणांविषयीच्या एका जुन्या प्रश्नाच्या उकलीसाठी झाला आहे. तो प्रश्न म्हणजे विश्वकिरण कोठे निर्माण होतात, हा होय.

विश्वकिरणांच्या उगमाचा प्रश्न : ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यातून सु. ५,३०० मी. उंची गाठली व उंचीबरोबर हवेचे आयनीभवन वाढत जाते, असे दाखवून दिले. या शोधाबद्दल त्यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेरून येणाऱ्या या प्रारणाला ‘विश्वकिरण’ हे नाव मिळाले व पुढे ते रूढच राहिले. वस्तुतः हे किरण नसून विद्युत भारित कण आहेत. त्यांत सु. ९० टक्के प्रोटॉन, सु. ९ टक्के हीलियमाची अणुकेंद्रे व उरलेल्या अल्प भागात जड अणुकेंद्रे आणि इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी काहींची ऊर्जा विलक्षण असते. १९९१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात नोंदलेल्या एका कणाची ऊर्जा ३ वर २० शून्ये मांडली असता येणाऱ्या संख्येइतके इ. व्हो. होती.

कण विद्युत भारित असणे हीच उगम शोधण्यातील मुख्य अडचण आहे. आंतरतारकीय अवकाशातील चुंबकीय क्षेत्र अत्यंत दुर्बल, म्हणजे काही दशलक्षांश गौस, असते. तरीही १०० अब्ज इ. व्हो. ऊर्जेच्या प्रोटॉनाचा मार्ग ते इतका वाकवते की, त्या वर्तुळाची त्रिज्या गुरू व शनी यांच्या कक्षांच्या त्रिज्यांच्या दरम्यान येते. ताऱ्यांमधील अंतरांच्या मानाने ही त्रिज्या नगण्य आहे. साहजिकच कण आकाशगंगेत वेड्यावाकड्या वाटांनी भटकत राहतो. विश्वकिरणांत आढळणाऱ्या किरणोत्सर्गी बेरिलियम-१० या अणुकेंद्राच्या प्रमाणावरून हे भटकणे एक कोटी वर्षांच्या वर चालते, असे अनुमान निघते. एवढ्या काळानंतर पृथ्वीवर पोहोचलेल्या कणाच्या दिशेवरून त्याचा उगम सांगणे म्हणजे नदीच्या मुखाशी आलेल्या पाण्याच्या थेंबावरून तो कोणत्या डोंगरावर पडला, हे सांगण्यासारखे आहे.

उगमाविषयी तर्क मात्र बरेच आधी झाले होते. वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच अतिदीप्त नवताऱ्यांकडे (ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांकडे) बोट दाखविले होते. पुढे हिशेबानेही या कल्पनेला पाठबळ मिळाले. आकाशगंगेतून सतत निसटून जाणाऱ्या विश्वकिरणांची भरपाई होण्यासाठी अतिदीप्त नवताऱ्यांच्या स्फोटांच्या गतिज ऊर्जेपैकी सु. १० टक्के ऊर्जा कणांना मिळाली, तरी पुरते. स्फोटातून बाहेर पडणाऱ्या आघात तरंगाच्या दोन्ही बाजूंना कण पुनःपुन्हा ये-जा करीत ऊर्जा मिळवतात, ही प्रवेगाची यंत्रणा १९७७–७८ च्या सुमारास अनेक शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. हिशेब जुळला व यंत्रणाही सापडली. परंतु हे खरोखरच घडते याचा प्रत्यक्ष पुरावा मिळत नव्हता.

गॅमा किरणांचे साहाय्य : गॅमा फोटॉनाला विद्युत भार नसल्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा त्याच्यावर परिणाम होत नाही व तो उगमापासून सरळ रेषेत येतो. उच्च ऊर्जेचा प्रोटॉन आंतरतारकीय हायड्रोजनाच्या अणुकेंद्रावर आदळला म्हणजे इतर कणांबरोबर निर्विद्युत पायॉन निर्माण होतो. या कणाची स्थिर ऊर्जा सु. १३·५ कोटी इ. व्हो. असून तो जवळजवळ तत्क्षणी दोन गॅमा फोटॉनांत क्षय पावतो. आकाशगंगेतून अशा प्रकारे गॅमा किरण यावयास हवेत, हे जपानी शास्त्रज्ञ सातियो हायाकावा यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. फिलिप मॉरिसन यांच्या १९५८ मधील लेखाने गॅमा किरण खगोलशास्त्राची कार्यक्रमपत्रिकाच आखून दिली. त्यातील अपेक्षा फारच आशावादी होत्या. प्रत्यक्षात आढळलेले गॅमा किरण त्यांहून कितीतरी विरळ निघाले व त्यामुळे पहिल्या पिढीच्या संशोधकांना बरीच वर्षे रिकाम्या हाताने परतावे लागले.

हे वेध जमिनीवरून घेता येत नाहीत. पृथ्वीचे वातावरण द्रव्यमानाच्या दृष्टीने सु. १० मी. जाडीच्या पाण्याच्या थराइतके आहे व त्यातून असा फोटॉन अखंड खाली येऊ शकत नाही. फुग्यातून ३०–४० किमी. उंचीवर उपकरण नेले, तरी वर उरलेल्या थोड्या हवेवर विश्वकिरण आदळून इतके दुय्यम गॅमा किरण निर्माण होतात की, खगोलीय गॅमा किरण त्यांत हरवून जातात. शिवाय स्रोत अत्यंत मंद असतात. गॅमा आकाशातील सर्वांत तेजस्वी स्थिर स्रोत असलेल्या व्हेला स्पंदकाकडून १० कोटी इ. व्हो.पेक्षा अधिक ऊर्जेचे जे फोटॉन येतात, त्यांपैकी १ चौ. सेंमी. क्षेत्रावर एक फोटॉन पडण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो.

प्रारंभीचे उपग्रह : २७ एप्रिल १९६१ रोजी सोडलेल्या एक्सप्लोरर-११ या अमेरिकन उपग्रहाने सर्व काटछाट करून उरलेले खगोलीय गॅमा फोटॉन केवळ २२ नोंदविले. १९६७ साली सोडलेल्या ओएसओ-३ वरील उपकरणाने ६२१ फोटॉन मिळवून ते आकाशगंगेच्या प्रतलात एकवटले असल्याचे दाखविले. विश्वकिरण आणि आंतरतारकीय वायू यांच्या टकरींचे भाकीत खरे असल्याची ही पहिली खूण होती. केन्याच्या किनाऱ्याजवळील सान मार्को या समुद्रातील मंचावरून नोव्हेंबर १९७२ मध्ये सोडलेला एसएएस-२ हा उपग्रह अवघ्या सात महिन्यांत बंद पडला; पण तेवढ्यात त्याने सु. ८,००० फोटॉन टिपले. यूरोपीय कॉस-बी उपग्रह दोन वर्षांसाठी योजलेला असूनही ऑगस्ट १९७५ ते एप्रिल १९८२ असा कार्यरत राहिला. त्याच्या यादीत २५ स्रोत होते व त्यांपैकी बहुतेकांची ओळख पटलेली नव्हती.

या अनोळखी स्रोतांपैकी मिथुन राशीतील एक एसएएस-२ लाच दिसला होता. दृश्य वा रेडिओ आकाशात त्याच्या जागी काहीच सापडेना, म्हणून इटालियन संशोधकांनी त्याला ‘जेमिंगा’ असे नाव दिले. मिथुन राशीच्या लॅटिन नावाशी ते जुळते आणि मिलानच्या बोलीत त्याचा अर्थ ‘ते तिथे नाहीच’ असा होतो. तो सेकंदाला चारांहून अधिक वेळा स्पंदन पावणारा जवळचा न्यूट्रॉन तारा आहे, हे १९९२ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने समजले. म्हणजे स्रोत दिसणे आणि तो काय आहे हे कळणे यांत जवळजवळ वीस वर्षे गेली.

एप्रिल १९९१ मध्ये कॉम्प्टन ही सु. १७ टन वजनाची गॅमा किरण वेधशाळा अवकाशयानातून कक्षेत सोडण्यात आली. तिच्यावरील एग्रेट या दूरदर्शकाच्या अखेरच्या मुख्य यादीत २७१ स्रोत होते. एग्रेटचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र न दिसलेल्या एका गोष्टीविषयी आहे. विश्वकिरण आकाशगंगेतच निर्माण होतात की साऱ्या विश्वात सारखेच पसरलेले आहेत, हा वाद त्या वेळी पूर्णपणे मिटलेला नव्हता. सु. २ लक्ष प्रकाशवर्षे अंतरावरील लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतील वायूचे प्रमाण माहीत आहे. विश्वकिरण सर्वत्र सारखे असतील, तर त्या वायूतून ठरावीक प्रमाणात गॅमा किरण यावयास हवेत. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणांनुसार ते तितके येत नव्हते. पुढे अधिक संवेदी दूरदर्शकाने २०१० मध्ये त्या मेघाचे मंद गॅमा प्रारण प्रत्यक्ष मोजले, तेव्हा तेथील विश्वकिरणांची घनता आपल्या परिसरातील घनतेच्या सु. १५ टक्केच भरली. सामान्य ऊर्जेचे विश्वकिरण ज्या त्या दीर्घिकेची स्वतःची निर्मिती आहेत, हे यामुळे निश्चित झाले. कॉम्प्टन वेधशाळेचा एक घूर्णी बिघडल्यावर जून २००० मध्ये तिला नियंत्रित रीतीने पॅसिफिक महासागरात पाडण्यात आले.

फेर्मी दूरदर्शकाची रचना : एग्रेटपर्यंतच्या उपकरणांत ठिणगी-कोठी वापरीत असत. तीत वायूमधून जाणाऱ्या कणाच्या मार्गावर विजेच्या ठिणग्या पडून मार्ग दिसतो. पण वायू खराब होतो व संपत जातो, शिवाय प्रत्येक नोंदीनंतर उपकरण सु. एक दशांश सेकंद आंधळे होते. ११ जून २००८ रोजी सोडलेल्या फेर्मी उपग्रहावरील मुख्य दूरदर्शकात वायूऐवजी सिलिकॉनाच्या बारीक पट्ट्या असलेले थर आहेत व हा आंधळा काळ सेकंदाच्या काही लक्षांशांवर आला आहे. या दूरदर्शकात चार ओळींत चार याप्रमाणे १६ मनोरे आहेत. प्रत्येक मनोऱ्यात टंगस्टनाचे पातळ पत्रे व सिलिकॉनाचे थर एकाआड एक बसविलेले आहेत. फोटॉनाचे टंगस्टनात जोडीत रूपांतर होते, सिलिकॉनाचे थर जोडीतील दोन्ही कणांचे मार्ग नोंदवतात व त्यांवरून मूळ फोटॉनाची दिशा काढतात. खाली सीझियम आयोडाइडाचे एकूण १,५३६ स्फटिक आहेत. त्यांत कणांचा वर्षाव शोषला जाऊन ऊर्जा मोजली जाते. या वर्षावाचा सिद्धांत होमी भाभा व वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला होता. वातावरणातील विश्वकिरणांच्या वर्षावांचे स्पष्टीकरण देण्यासाठी केलेले ते गणित आता विश्वकिरणांच्या उगमाच्या शोधातील हत्यार बनले आहे.

सर्वांत कठीण काम निवडीचे असते. दूरदर्शकावर येणाऱ्या भारित कणांच्या मानाने गॅमा फोटॉन अगदीच मोजके असतात. दर सेकंदाला काही हजार घटना नोंदल्या जातात आणि त्यांतून जेमतेम काही गॅमा किरण निघतात. थोडक्यात, ज्यांचा उगम शोधावयाचा ते विश्वकिरणच शोधकार्यातील मुख्य उपद्रव ठरतात. यासाठी संपूर्ण उपकरणावर कणाचा आघात होताच चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या ८९ फरश्यांचे आवरण घातलेले आहे. फरशी चमकली तर आलेला कण भारित होता असे समजून ती नोंद वगळतात. एग्रेटवर हे आवरण एकसंध घुमटाच्या रूपात होते. त्यामुळे मोठ्या ऊर्जेच्या फोटॉनाच्या वर्षावातील काही कण उलटे उडून घुमटाला लागत व चांगली नोंदही वाया जाई. आवरणाचे तुकडे केल्यामुळे हा दोष दूर झाला, कारण ज्या फरशीतून मार्ग जातो तीच तपासली की पुरते. फेर्मी दूरदर्शकाच्या दृष्टिक्षेत्रात एका वेळी सु. एकपंचमांश आकाश येते आणि दर तीन तासांनी संपूर्ण आकाशाची पाहणी पूर्ण होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चौथ्या यादीत ५,००० हून अधिक स्रोत होते.

पायॉनाची खूण : एखाद्या अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषातून गॅमा किरण येतात, एवढ्यावरून तेथे प्रोटॉन प्रवेगित होतात असे म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉनही गॅमा किरण निर्माण करतात. अणुकेंद्राजवळून जाताना त्यांची गती मंदावल्याने एक प्रकारचे प्रारण निघते, तर मंद प्रकाशाच्या फोटॉनांना धडक देऊन ते त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत चढवतात. अवशेषांत उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असतात हे रेडिओ व क्ष-किरण वेधांवरून आधीच माहीत होते. म्हणून प्रश्न असा उरला की, दिसणारे गॅमा किरण प्रोटॉनांचे कोणते व इलेक्ट्रॉनांचे कोणते, हे ओळखावे कसे?

याचे उत्तर वर्णपटाच्या खालच्या टोकाशी मिळते. स्थिर पायॉनाच्या क्षयातील प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा पायॉनाच्या ऊर्जेच्या निम्मी, म्हणजे सु. ६·७५ कोटी इ. व्हो. असते. पायॉन वेगात असला, तर काही फोटॉनांची ऊर्जा वाढते व काहींची घटते; पण वर्णपट याच मूल्याभोवती सममित राहतो. परिणामी सु. २० कोटी इ. व्हो.च्या खाली प्रोटॉनजन्य गॅमा किरणांची तीव्रता एकदम घसरते. इलेक्ट्रॉनजन्य प्रारणात असा उतार आपोआप येत नाही. इटलीच्या आजिले उपग्रहाने २०११ मध्ये डब्ल्यू ४४ या अवशेषात याचा पुरावा मांडला आणि फेर्मी दूरदर्शकाच्या चार वर्षांच्या निरीक्षणांवरून डब्ल्यू ४४ व आयसी ४४३ या दोन्ही अवशेषांत हा उतार स्पष्ट आढळल्याचे फेब्रुवारी २०१३ मध्ये जाहीर झाले. हेस यांच्या फुग्यातील प्रवासाला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती.

या निष्कर्षाचा अर्थ त्याच्या मर्यादेतच घ्यावयास हवा. हे दोन्ही अवशेष हजारो वर्षांपूर्वीचे असून दाट वायुमेघांत घुसलेले आहेत. म्हणूनच ते गॅमा किरणांत तेजस्वी आहेत. तेथील प्रोटॉन अवशेषाने नव्याने घडविलेले आहेत की मेघात आधीपासून असलेले विश्वकिरण दाबले जाऊन पुन्हा प्रवेगित झालेले आहेत, यावर मतभेद आहेत. दुसरे असे की, डब्ल्यू ४४ मधील प्रोटॉनांची संख्या सु. २० अब्ज इ. व्हो.च्या पुढे झपाट्याने घटते, तर आकाशगंगेत ३ वर १५ शून्ये इतक्या इ. व्हो.पर्यंतचे कण कोठेतरी तयार होत असले पाहिजेत, असे विश्वकिरणांच्या वर्णपटातील ‘गुडघा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणावरून मानले जाते. चीनमधील ल्हासो या जमिनीवरील वेधशाळेने २०२१ मध्ये या ऊर्जेच्या कणांकडे निर्देश करणारे बारा गॅमा स्रोत दाखविले. त्यांत हंस तारकासमूहातील तरुण ताऱ्यांचा प्रदेशही आहे. तेथे फेर्मी दूरदर्शकाने २०११ मध्येच ताज्या विश्वकिरणांनी भरलेली पोकळी शोधली होती. अतिदीप्त नवतारे हा उत्तराचा एक भाग निश्चित आहे. ते संपूर्ण उत्तर आहे, असे मानण्यास आज पुरेसा आधार नाही.

इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन : गॅमा दूरदर्शक विश्वकिरणांतील इलेक्ट्रॉन थेटही मोजू शकतो, कारण त्यांचा वर्षाव गॅमा किरणांच्या वर्षावासारखाच असतो. इटलीच्या नेतृत्वाखालील पामेला प्रयोगात सु. १० अब्ज इ. व्हो.च्या पुढे पॉझिट्रॉनांचे प्रमाण घटण्याऐवजी वाढत जाते, असे आढळले होते. फेर्मी दूरदर्शकावर चुंबक नसल्याने त्याला इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांत भेद करता येत नाही. संशोधकांनी ही उणीव पृथ्वीचेच चुंबकीय क्षेत्र वापरून भरून काढली: पृथ्वीच्या सावलीमुळे विशिष्ट दिशांनी फक्त एकाच भाराचे कण पोहोचू शकतात, त्या दिशा निवडून त्यांनी मोजणी केली व पामेलाच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरील एएमएस या चुंबकयुक्त उपकरणाने २०१३ पासून ही वाढ फार अचूकपणे मोजली. हे जादा पॉझिट्रॉन अदृश्य द्रव्याच्या कणांच्या परस्परविनाशातून येतात, ही कल्पना आकर्षक आहे. पण जेमिंगासारखे जवळचे स्पंदकही ते पुरवू शकतात. मेक्सिकोतील हॉक वेधशाळेने २०१७ मध्ये जेमिंगाभोवतीच्या गॅमा प्रभामंडलावरून कण तेथून फार सावकाश बाहेर पडतात असे दाखविले व जेमिंगाचा वाटा नगण्य ठरविला. २०१९ मध्ये फेर्मीच्या निरीक्षणांच्या विश्लेषणातून तो वाटा २० टक्क्यांपर्यंत असू शकेल असे निघाले. हा वाद मुख्यतः कणांच्या प्रवासाविषयीच्या गृहीतांवर अवलंबून आहे.

इतर निष्कर्ष : आकाशगंगेच्या मध्याच्या वर व खाली प्रत्येकी सु. २५,००० प्रकाशवर्षे पसरलेले दोन प्रचंड गॅमा बुडबुडे २०१० मध्ये उघडकीस आले. चंद्राला वातावरण नसल्याने त्याच्या पृष्ठावर विश्वकिरण थेट आदळतात व त्यामुळे काही ऊर्जांना तो गॅमा किरणांत शांत सूर्यापेक्षाही तेजस्वी दिसतो. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब अभिज्ञातकात एक अतिउच्च ऊर्जेचा न्यूट्रिनो नोंदला गेला. त्याच दिशेला एक दूरची सक्रिय दीर्घिका त्या वेळी गॅमा किरणांत प्रखर झालेली फेर्मी दूरदर्शकाला दिसली. न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनांच्या वरील प्रक्रियांतून निघत नाहीत, म्हणून आकाशगंगेबाहेर प्रोटॉन प्रवेगित होत असल्याची ही महत्त्वाची सूचना आहे. मात्र एका न्यूट्रिनोवर फार मोठी इमारत उभारता येत नाही. अदृश्य द्रव्याचा शोध खुज्या उपदीर्घिकांत घेण्यात आला. तेथे वायू व तारे विरळ असल्याने गोंधळ कमी असतो. त्यांत निर्णायक असे काही सापडले नाही. आकाशगंगेच्या मध्याजवळ काही अब्ज इ. व्हो.च्या आसपास दिसणारे अधिक प्रारण अदृश्य द्रव्याचे की सेकंदाला शेकडो फेरे घेणाऱ्या स्पंदकांचे, याचा निर्णय लागलेला नाही.

भारताचा संबंध : भारतात विश्वकिरणांच्या संशोधनाची परंपरा भाभांपासून सुरू होते. त्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुग्यांतून आणि कोलारच्या सोन्याच्या खोल खाणींतून विश्वकिरणांचे प्रयोग केले. वर उल्लेखिलेला आजिले उपग्रह २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय पीएसएलव्ही प्रक्षेपकाने कक्षेत सोडला. त्याने सप्टेंबर २०१० मध्ये क्रॅब अभ्रिकेचा अनपेक्षित गॅमा भडका टिपला. तोवर या अभ्रिकेचे प्रारण इतके स्थिर मानले जाई की, इतर उपकरणे तिच्यावरून तपासून घेत. आजिलेचे कार्य जानेवारी २०२४ मध्ये संपले व पुढील महिन्यात तो वातावरणात जळून गेला. अधिक ऊर्जेच्या पट्ट्यासाठी लडाखमधील हान्ले येथे सु. ४,३०० मी. उंचीवर मेस हा २१ मी. व्यासाचा दूरदर्शक उभारलेला आहे. गॅमा किरणांच्या वर्षावामुळे हवेत उमटणारी निळसर चमक तो टिपतो, म्हणजे वातावरणाचाच अभिज्ञातक म्हणून उपयोग करतो.

उणिवा : पायॉनाची निर्णायक खूण जेथे असते, त्याच १० कोटी इ. व्हो.च्या आसपासच्या पट्ट्यात आजची उपकरणे सर्वांत दुबळी आहेत. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन टंगस्टनाच्या पत्र्यांत विखुरले जातात आणि फेर्मी दूरदर्शकाच्या दिशामापनातील अनिश्चितता तीन अंशांहून अधिक, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सहापट, होते. त्यामुळे शेजारशेजारचे स्रोत व आकाशगंगेची पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात आणि मोजक्या तेजस्वी अवशेषांपलीकडे हा उतार पाहणे अवघड जाते. पत्रे काढून टाकून केवळ सिलिकॉनाचे अनेक थर किंवा वायूच्या कोठ्या वापरणाऱ्या दूरदर्शकांचे आराखडे यूरोप व अमेरिकेत मांडले गेले आहेत. त्याहूनही कमी, म्हणजे काही दशलक्ष इ. व्हो.पर्यंतच्या ऊर्जेसाठी कोसी या उपग्रहाची निवड अमेरिकेच्या नासा या संस्थेने २०२१ मध्ये केली. त्यात थंड केलेल्या जर्मेनियमाचे अभिज्ञातक असून किरणोत्सर्गी अणुकेंद्रांपासून आणि पॉझिट्रॉनांच्या विनाशापासून निघणाऱ्या वर्णरेषांचे मापन हे त्याचे मुख्य काम आहे. पायॉनाच्या क्षयाचा पट्टा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो.